वायरींची जुडी

त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर'. पाठ वळली की कानामात्रा. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. कानामात्रांना ते तरुणपणीच मिळालं आणि त्यांनी ते घरी, जिन्यात, बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे वापरलं. इमारतीतले एक म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा खालच्या फळ्यावर कुणीतरी 'दुखःद निधन' असं लिहिलं होतं. येणारेजाणारे थांबत, हळहळत, पुढे जात. कानामात्राही थांबले. त्यांनी रखवालदाराकडून खडू मागवला, विसर्ग पुसून एक घर अलीकडे आणला आणि समाधानाने जिना चढून वर गेले. कोण वारलं हे त्यांना संध्याकाळी बायकोकडून कळलं.

बायको मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती. दिवसभर किंचाळणारे, कण्हणारे आणि खोटं बोलणारे रुग्ण सांभाळून ती घरी यायची. त्यामुळे नवऱ्याचं तिला फारसं काही वाटत नसे. मुलगी शिकून दूर नोकरीला लागली होती. ती आठवड्याला फोन करायची आणि मेसेज मात्र चुकूनही पाठवायची नाही. पाठवला की तो दुरुस्त होऊन परत यायचा.

कानामात्रांचा दुसरा जीव म्हणजे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर. कॉलेजात असल्यापासूनचं वेड. काचेच्या नळीत लालसर तार पेटते आणि तिच्यातून गाणं मोठं होऊन बाहेर पडतं, याच्यापुढे बाकीचं सगळं जग त्यांना पत्र्याचा डबा वाटे. दुकानातल्या तयार म्युझिक सिस्टिमला ते 'डबा' म्हणत. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांना तर ते काहीच म्हणत नसत, नुसतं बघत. त्या बघण्याने शेजारच्या मुलीने एकदा लिफ्टमध्ये कानातली बोंडं काढून पर्समध्ये टाकली होती.

जगातल्या सगळ्या माणसांत त्यांना सर्वांत जास्त तिरस्कार वाटे तो साडूचा. मेहुणीचा नवरा पाण्याचे पंप विकायचा. गडगडून हसायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि 'अँप्लिफायर'ला 'अँप्लिफेअर' म्हणायचा. याने एका सुटीत कानामात्रांच्या टेबलावर एका जुन्या मासिकातली व्हॉल्व्ह अँप्लिफायरची आकृती पाहिली, मोबाइलने तिचा फोटो काढला आणि म्हणाला, "साडूभाऊ, आपण पण करून बघू. त्यात काय आहे!"

त्यात काय आहे! कानामात्रा तेव्हा हसले. त्यांना वाटलं, याला शॉक तरी बसेल, नाहीतर हा कंटाळेल तरी.

साडूला दोन्हीपैकी काही झालं नाही. महिनाभरातच त्याने लाकडाच्या फळीवर ते यंत्र ठोकलं. ट्रान्स्फॉर्मर एकीकडे, व्हॉल्व्ह दुसरीकडे, आणि मधे वायरींचा नुसता गुंता. निळी वायर संपली म्हणून अर्ध्यातून पिवळी, पिवळी संपली म्हणून पंपाला लावतात ती काळी जाडजूड. कावळ्याने घरटं करावं आणि तेही घाईत करावं, असं ते दिसत होतं. कानामात्रांनी फोटो पाहिला आणि बायकोला म्हणाले, "हे पेटवायच्या आधी तुझ्या बहिणीला म्हणावं, घराबाहेर उभी राहा."

ते वाजलं. पहिल्या झटक्यात, छान वाजलं. मेहुणीने फोन करून सांगितलं तेव्हा कानामात्रा म्हणाले, "वाजतं तर दारावरची घंटापण."

स्वतःचा अँप्लिफायर करायला त्यांनी वर्षभराहून जास्त घेतलं. ॲल्युमिनियमच्या चासीला, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याला, भोकं पाडली ती कानशीने घासून अशी गोल केली, की बोट फिरवलं तर कुठे कंगोरा लागू नये. सोल्डरचा प्रत्येक टाका भिंगातून तपासला. आणि वायरिंग! ते पाहायला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. प्रत्येक वायर काटकोनात वळलेली, एकीला एक समांतर. सगळ्या मिळून चासीच्या मधोमध एक सरळ जुडी, आणि त्या जुडीला मेण लावलेल्या दोऱ्याने बोटाबोटावर गाठी. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असं बांधत, असं ते सांगत. आकृतीत एका ठिकाणी जाळीच्या कवचाची वायर वापरा असं लिहिलं होतं. ती जाड, करडी आणि बेढब. जुडीत तिच्यामुळे फुगवटा यायला लागला. कानामात्रांनी तिला हाकलून दिलं आणि साधी पांढरी वायर घातली. मासिक काढणाऱ्यांच्या शुद्धलेखनावरूनच त्यांची लायकी कळत होती, त्यांचं काय ऐकायचं!

एका रविवारी सकाळी त्यांनी साडूला आणि मेहुणीला मुद्दाम बोलावलं. अँप्लिफायर टेबलावर उलटा मांडून ठेवला होता, म्हणजे आधी वायरिंग दिसावं. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, काय सुरेख! विणल्यासारखं!" कानामात्रांनी मान किंचित झुकवली. साडू वाकून बघत म्हणाला, "भाजीवाला जुडी बांधतो ना, अगदी तशी." ते ऐकून कानामात्रांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आपण कोण, हा कोण, असा विचार करून त्यांनी ती तिथेच विझवली. यंत्र सुलटं केलं, व्हॉल्व्हविषयी छोटंसं भाषण केलं, सीडी लावली आणि बटण दाबलं.

नळ्या हळूहळू लाल झाल्या. कानामात्रांनी आवाजाची खुंटी थोडी फिरवली.

आधी मोटारबोटीसारखं फट्‌-फट्‌-फट्‌ झालं. मग त्यातून एक शिट्टी वर चढली आणि चढतच राहिली. पुढे तर ती शिट्टी राहिलीच नाही, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी किंकाळी झाली. मेहुणीने कानात बोटं घातली. समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकायला लागला, मग वरच्या मजल्यावरचा. बायकोने रुग्णालयात शिकलेल्या शांतपणे जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

पहिला बोलला साडू.

"हवा अडकलीय," तो म्हणाला.

"काय अडकलंय?"

"हवा. पंपात हवा अडकली की पंप असाच किंचाळतो. पाइपाचे दोन जॉइंट ढिले करायचे, हवा जाते, पंप गप्प. तुम्ही वायरी एवढ्या आवळून बांधल्यात, त्यांना श्वास घ्यायला जागा कुठंय? ती जुडी सोडा जरा. मोकळ्या होऊ द्या बिचाऱ्या."

कानामात्रांनी त्याच्याकडे पाहिलं. अशी वाक्यं त्यांनी सगळ्यांत वाईट मुद्रितांतही वाचली नव्हती. "वायरींत," ते एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "हवा नसते."

"मग ओरडतंय कशाने?"

"चहा घ्या," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कानामात्रांनी कंबर कसली. छापखान्यातून आले की कपडे बदलायचे आणि अँप्लिफायर उलटा करून त्याच्यासमोर बसायचं. आत तीनशे व्होल्ट खेळत असतात, म्हणून जुन्या लोकांच्या शिस्तीप्रमाणे डावा हात खिशात, शॉक बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून. बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "काय चाललंय त्याचं?"

"आंदोलन."

"कुणाचं?"

"अँप्लिफायरचं. तांत्रिक शब्द आहे. ऑसिलेशन म्हणजे आंदोलन."

"बरं. मागण्या काय आहेत त्याच्या?"

कानामात्रांना हा विनोद आवडला नाही. त्यांनी तिला समजावून सांगितलं. व्हॉल्व्हच्या एका तारेतून बारीक आवाज आत जातो, दुसरीतून मोठा होऊन बाहेर पडतो. त्या मोठ्यातला कणभर जरी परत बारक्याला जाऊन मिळाला, तर तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा मिळतो, आणि यंत्र कुणी काही न सांगता स्वतःच ओरडत सुटतं.

"म्हणजे आपलंच आपल्याला ऐकू यायला लागलं की असं होतं," ती म्हणाली आणि ड्यूटीवर गेली. यात काही टोमणा होता की काय, याचा विचार करण्यात कानामात्रांची ती संध्याकाळ वाया गेली.

पहिलं खापर त्यांनी व्हॉल्व्हवर फोडलं. सगळे बदलले. किंकाळी तशीच, फक्त अर्धा सूर वर गेली. मग बाहेरचा थोडा आवाज मुद्दाम परत आत आणणाऱ्या फीडबॅकच्या तारेवर संशय. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची टोकं उलटी जोडली गेली तर असं होतं, हे पुस्तकात होतं. ती तार सोडवून पाहिली. तरी ओरडणं चालूच. म्हणजे ती निर्दोष. कपॅसिटर बनवणारी कंपनी चोर आहे असं त्यांचं दोन दिवस ठाम मत होतं. कपॅसिटर बदलल्यावर ती कंपनी निर्दोष ठरली, पण कानामात्रांनी मत मागे घेतलं नाही. शेवटी प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायाशी, अगदी चिकटून, एकेक छोटा रेझिस्टर लावला. बेफाम झालेला सूर तिथेच अडावा म्हणून.

त्याने फरक पडला. खुंटी शून्यावर ठेवली तर यंत्र गप्प. पूर्ण फिरवली तर गाणं, आणि काय गाणं! पण खुंटी मधे कुठेही आली की किंकाळी.

कानामात्रांना हा विजय वाटला. त्यांनी बायकोला बोलावून दाखवला.

"म्हणजे एकतर बंद, नाहीतर कानठळ्या?" ती म्हणाली. "माणसाने ऐकायचं कुठे?"

"मुद्दा तो नाही. प्रगती आहे."

"आमच्याकडे डॉक्टर असंच सांगतात. मग आम्ही नातेवाइकांना फोन करतो."

पण ती गेल्यावर कानामात्रा विचारात पडले. कारण मूर्ख ते नव्हतेच; तिथेच सगळी अडचण होती. खुंटी शून्यावर असली की पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी तार जमिनीला बांधल्यासारखी असते. पूर्ण वर असली की तिची दोरी सीडी प्लेयरच्या हातात. मधे मात्र ती वाऱ्यावर सुटलेली असते. तेव्हा शेजारचं जे काही असेल ते तिला येऊन बिलगतं. म्हणजे बिलगण्याचा गुन्हा त्याच तारेच्या वाटेवर घडतो. ती कुठली? खुंटीपासून निघून पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी. साधी, पांढरी. आणि ती कुठून जाते?

त्यांनी रंगाच्या ब्रशचा लाकडी दांडा घेतला, खुंटी मधोमध ठेवली आणि ओरडणाऱ्या यंत्राच्या आत एकेक जागा हलकेच दाबून पाहिली. सोल्डरचे टाके दाबले, काही नाही. सॉकेट दाबली, काही नाही. मग दांडा जुडीवर टेकवला. शिट्टीचा सूर खाली आला. सोडला, वर गेला. आणखी जोरात दाबला, तर किंकाळी मांजर मेल्यासारखी क्षणभर थांबलीच.

त्या जुडीत, पांढऱ्या तारेला अगदी खेटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल तार गेली होती. शेवटच्या व्हॉल्व्हमधून सगळ्यांत मोठा आवाज घेऊन बाहेर पडणारी. कानामात्रांनी स्वतः तिला निवडून तिथे ठेवली होती, कारण लाल आणि पांढरं शेजारी शोभून दिसत होतं. तारांना एकमेकींना शिवावं लागत नाही; एवढं लांबवर खेटून चालल्या तरी पुरतं. आणि मधे जिने आडोसा केला असता, ती जाळीची करडी वायर त्यांनी बेढब म्हणून हाकलली होती.

त्यांनी यंत्र बंद केलं. कपॅसिटर रिकामे होईपर्यंत शांत बसले. दोष सापडला होता, उपायही कळला होता. जुडी सोडायची. वायरी मोकळ्या करायच्या. म्हणजे शब्दशः तेच, जे तो बशीतून चहा पिणारा पंपवाला बोलून गेला होता.

कानामात्रांनी अँप्लिफायरवर फडकं टाकलं आणि मूग गिळून गप्प बसले.

असे ते बरेच आठवडे बसले. संध्याकाळी फडकं काढायचे, जुडीकडे बघायचे, फडकं टाकायचे. मनात साडूशी वाद चाले. त्या वादात साडू दर वेळी चारी मुंड्या चीत होई आणि दर वेळी उठून 'पण हवा गेली ना?' म्हणे. या नादात छापखान्यात एकदा 'अन्ननलिका'चं 'अन्ननालिका' झालेलं त्यांच्या नजरेतून सुटलं. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईने ते त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या खांद्यांवरून ती हसत असल्याचं दिसत होतं. या बाईचे वाभाडे काढण्यात कानामात्रांनी कितीतरी वर्षं आनंद लुटला होता. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही.

बायकोने शेवटी एका सुटीच्या दुपारी पडल्यापडल्या विषय काढला.

"कुठे दुखतंय ते तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "सांगत नाही आहात."

"कसलं दुखणं?"

"त्या यंत्राचं. ज्याला कळत नाही तो माणूस तडफडतो. ज्याला कळलेलं असतं तो फडकं टाकून बसतो. मी आयुष्यभर हेच बघते आहे. काय आहे?"

कानामात्रांनी सांगितलं. अगदी लाल आणि पांढऱ्या तारेसकट.

"मग सोडा की जुडी."

"सोडली की तो म्हणेल, हवा!"

"म्हणू दे."

"म्हणू दे काय? त्या माणसाला मरेपर्यंत वाटत राहील की वायरींत हवा अडकते! तो चार लोकांना सांगेल. उपाय बरोबर आणि कारण साफ चूक, याच्यासारखं घाणेरडं काही नसतं. नुसतं चुकलेलं परवडलं."

"त्याचे पंप चालतात ना?"

"चालतात."

"मग?" ती म्हणाली आणि कूस बदलून दुपारची झोप पुरी करायला लागली.

जुडी न सोडता इलाज करायचा, असा कानामात्रांनी मग चंग बांधला. एक छोटासा कपॅसिटर असा जोडला, की वरचे सूर मधल्या मधेच गिळले जावेत. किंकाळी बंद झाली. तिच्याबरोबर गाणंही. बाईचा आवाज रजईखालून यावा तसा यायला लागला. तालवाद्यं तर पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखी. कानामात्रा चार दिवस ते ऐकत बसले आणि 'आवाजात एक घरंदाजपणा आहे' असं स्वतःला सांगत राहिले. ज्या माणसाने दुसऱ्याचा विसर्गसुद्धा सहन केला नाही, तो स्वतःच्या गाठींसाठी अख्खं गाणं गिळायला तयार झाला होता.

त्याच आठवड्यात मेहुणीने जेवायला बोलावलं. साडूच्या घरी बैठकीच्या कोपऱ्यात ते कावळ्याचं घरटं वाजत होतं. कानामात्रा दारातच थबकले. कुणी बाई गात होती, अगदी शेजारी बसून गावं तशी. ती श्वास घेत होती तेही ऐकू येत होतं. साडू आतून ओरडला, "साडूभाऊ, या! आवाज मोठा करू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने खुंटी फिरवली. शून्यापासून पूर्ण वरपर्यंत, सगळ्या मधल्या जागांवरून. शिट्टीचा मागमूस नाही.

जेवण वाढेपर्यंत कानामात्रा त्या फळीजवळ वाकून उभे राहिले. आता त्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं. खुंटीपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतची वायर बोटभरसुद्धा नव्हती. शेवटच्या व्हॉल्व्हची वायर दुसऱ्या कोपऱ्यात, तिच्यापासून जितकी लांब राहता येईल तितकी लांब. साडूने यातलं काहीही समजून केलं नव्हतं. त्याला वायर कापायचा, सोलायचा, वळवायचा कंटाळा होता, म्हणून त्याने सगळ्यांत जवळचा रस्ता धरला होता. नुसता आळस! या माणसाच्या आळसाने जे केलं ते आपल्या वर्षभराच्या मेहनतीने मातीत घातलं, हे कानामात्रांच्या इतकं जिव्हारी लागलं की जेवताना त्यांनी मेहुणीच्या हातच्या जेवणात एकही चूक काढली नाही. ती घाबरून बायकोला म्हणाली, "ताई, भाऊजींना बरं नाही का?"

दुसऱ्या दिवशी छापखान्याला सुटी होती. बायको सकाळची ड्यूटी संपवून आली तर नवरा जमिनीवर बसलेला, पुढ्यात उलटा अँप्लिफायर.

"तुझी बँडेजची कात्री दे," ते म्हणाले.

तिने पर्समधून काढून दिली. एक टोक बोथट असलेली, कातडीला न टोचता पट्टी कापणारी. कानामात्रांनी पहिल्या गाठीखाली ते टोक सरकवलं आणि थांबले. मग कच्‌कन कापली. दुसरी, तिसरी. पुढच्या त्यांनी भराभर कापल्या, न बघता. जुडी सैल पडली आणि वायरी पिंजारलेल्या केसांसारख्या उभ्या राहिल्या. लाल तार त्यांनी उपटून काढली, आखूड केली आणि चासीच्या कडेने, तिरपी, सरळ ट्रान्स्फॉर्मरकडे नेली. पांढरी फेकून दिली. तिच्या जागी ती जाळीची करडी, बेढब वायर आली. रजईवाला कपॅसिटर काढला. चासीचा पोटभाग आता असा दिसत होता, की कुणी दाखवला असता तर कानामात्रांनी त्या माणसाला दारात उभं केलं नसतं.

मग बटण दाबलं. खुंटी हळू फिरवली. मधोमध आणून ठेवली.

गाणं लागलं.

बायको खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर टाकून. कानामात्रा जमिनीवरच बसून राहिले. आवाज खोलीभर झाला तरी कुठेही टोचत नव्हता. तेच ते गाणं, शेकडो वेळा ऐकलेलं. पण त्यात मागे एक माणूस हळूच तंबोऱ्याची तार जुळवून घेतो आहे, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांना वाटलं, बायकोला सांगावं. वळून पाहिलं तर ती झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून. एरवी हा त्यांना कलेचा अपमान वाटला असता. त्या दिवशी त्यांनी खुंटी थोडी खाली केली आणि तिच्या पायांखालचं स्टूल कलत होतं ते नीट केलं.

पुढच्या रविवारी साडू-मेहुणी आले. साडूने दोन मिनिटं ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि तोच प्रश्न विचारला. "हवा गेली ना?"

कानामात्रा तयारीत होते. त्यांनी कागद घेतला. लाल तार काढली, पांढरी तार काढली, एकीतून दुसरीत कसं झिरपतं त्याचे बाण काढले. खुंटी मधे असतानाच का, वर-खाली का नाही, हे समजावलं. मध्येच गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपत आलं. साडू मनापासून ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तेच की! आत काहीतरी कोंडलं होतं, जुडी सोडली, मोकळं झालं. मी हवा म्हणालो, तुम्ही दुसरं काही म्हणताय."

कानामात्रांनी तोंड उघडलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. मेहुणी बिस्कीट चहात बुडवून गाण्याकडे कान देऊन बसली होती. त्यांनी तोंड मिटलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "चहा घ्या." साडूने चहा बशीत ओतला.

यानंतर माणूस सुधारला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने कानामात्रांना ओळखलंच नाही. तिरस्कार कुठे जात नसतो, फार तर पत्ता बदलतो. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांनी दुसरा अँप्लिफायर करायला घेतला. त्याच्या वायरी त्यांनी इतक्या काळजीपूर्वक वेड्यावाकड्या नेल्या, की साडूचं घरटं त्यापुढे शिस्तशीर दिसावं. कुणी पाहुणा आला की ते यंत्र उलटं करून दाखवत आणि म्हणत, "शास्त्रशुद्ध आहे. नीट वायरिंग करणाऱ्यांना गाण्यातलं काही कळत नाही. ती माणसं जुडी बांधायच्या लायकीची."

या छंदातल्या माणसांची महिन्यातून एकदा बैठक भरे. कानामात्रा एकदा बायकोलाही घेऊन गेले, तेव्हा तिथे एका निवृत्त इंजिनिअरने आपला नवा अँप्लिफायर आणला. आतलं वायरिंग सरळ, समांतर, गाठीगाठीने बांधलेलं. कानामात्रांनी नाक मुरडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा ओरडणार."

इंजिनिअरने बटण दाबलं. अँप्लिफायर ओरडला नाही. जिथे हवी तिथे त्याने जाळीची वायर वापरली होती, आणि मोठ्या आवाजाच्या तारा वेगळ्या जुडीत लांबून नेल्या होत्या. गाणं सुरेख वाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कानामात्रा हात बांधून शेवटपर्यंत बसले.

जिना उतरताना बायकोने विचारलं, "मग? ओरडला नाही."

"नाही," कानामात्रा म्हणाले. "पण फार शिस्तीत गात होता. ऐकवत नव्हतं."